‘सराव’ फोल्डरमधले फोटो

बोडिल घाबरट होती, हे आमच्या वेस्टरहूसमध्ये कुणाला सांगावं लागत नसे. गावात नवा माणूस आला की त्याला आधी चर्चचा मनोरा दिसे आणि मग बोडिलची भीती. ती शिडीला घाबरे, परक्या कुत्र्याला घाबरे, वाजणाऱ्या फोनला घाबरे आणि बराच वेळ न वाजणाऱ्या फोनला त्याहून जास्त. सारा जन्म फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या खाडीच्या, काठी गेला, पण बंदरातल्या लाकडी धक्क्यावर तिने कधी पाऊल टाकलं नाही. फळ्यांच्या फटींतून खालचं काळं पाणी दिसतं, असं तिचं म्हणणं. आता धक्क्याच्या फटींतून पाणी नाही तर काय दूध दिसणार? पण हे तिला कुणी पटवावं!

तिचा नवरा एयनर ट्रक चालवायचा. पार हॅम्बुर्गपर्यंत जायचा. बर्फ पडला की बोडिल खिडकीशी उभी, धुकं पडलं की खिडकीशी उभी, आणि आकाश निरभ्र असेल तर त्याला ऊन डोळ्यांवर येऊन झोप लागेल म्हणून खिडकीशी उभी. वर्षानुवर्षं तो सुखरूप परत आला. आणि एका रविवारी जेवण करून सोफ्यावर आडवा झाला तो उठलाच नाही. बोडिल शेजारच्या खोलीत त्याच्याच शर्टाला इस्त्री करत होती. त्या दिवशी तिच्या मनाने घेतलं की आजवर आपण भलत्याच जागी घाबरत होतो, तेव्हा यापुढे सगळीकडेच घाबरलेलं बरं.

मूलबाळ नव्हतं. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यातली नोकरी संपली तशी तिला दिवसभर घाबरायला वेळच वेळ मिळाला. या सगळ्यात तिला एकच आधार होता, शेजारचा थॉर्किल. तो सुतार, बायको एल्सा गेल्यापासून एकटा. रोज दुपारी तो कुंपणाच्या फटीतून यायचा, बोडिलच्या स्वयंपाकघरात बसून दोन कप कॉफी प्यायचा आणि विचारायचा, “काय, आज कुठलं आभाळ कोसळलं?” बोडिल सांगायची. तो ऐकून घ्यायचा, वर चढून कौलं बघायचा, तळघरात उतरून बॉयलर बघायचा, आणि म्हणायचा, “आज तरी नाही कोसळत.” तेवढ्यावर तिची रात्र निघायची. थॉर्किल नसता तर बोडिलचं काय झालं असतं, हा विचार गावात बऱ्याच जणांनी केला होता. तिने स्वतः तो कधी पुरा केला नव्हता.

तर त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं. शाळेत संध्याकाळचे वर्ग भरायचे, आणि आमच्याकडे अशा वर्गाला सगळं गाव जातं, निम्मं शिकायला आणि निम्मं मधल्या सुट्टीतल्या केकसाठी. हेनिंग नावाचा एक तरुण शिकवायला होता. त्याला घरी जायची घाई असे. पहिल्याच दिवशी त्याने प्रत्येकाकडून ‘सराव’ नावाचा एक फोल्डर करून घेतला आणि बजावलं, “फोटो यातच ठेवायचे. मी सांगतो तेवढंच दाबायचं. बाकी कशाला हात लावला तर मी जबाबदार नाही.” नवा फोल्डर कसा करायचा, हा धडा पुढे एका संध्याकाळी होता, पण त्याच संध्याकाळी टीव्हीवर बायकांच्या हँडबॉलचा अंतिम सामना आला. वर्गात हेनिंग एकटाच बसून होता म्हणतात. त्यामुळे झालं असं, की वेस्टरहूसमधल्या यच्चयावत म्हाताऱ्यांचे सगळे फोटो ‘सराव’ नावाच्या फोल्डरमध्ये राहिले. कॅमेरेही सगळ्यांचे एकच, सहकारी दुकानात स्वस्तात लागले होते ते. कॅमेरा आपल्या मनाने फोटोला नंबर देई, एकपासून पुढे. नाव बदलायचं धाडस कोण करणार?

वसंतात बोडिलची धाकटी बहीण लिस आणि तिचा नवरा प्रेबेन यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. रौप्यमहोत्सव म्हणजे आमच्याकडे लहानसहान गोष्ट नाही. शेजारी आदल्या दिवशी दाराला देवदाराच्या फांद्यांची कमान बांधतात, पहाटे दाराशी गाणं म्हणून जोडप्याला उठवतात, आणि संध्याकाळी गावाच्या सभागृहात जेवण, भाषणं, नाच. बोडिलला भाषण करायची भीती. म्हणून तिने फोटोंची मालिका करायचं कबूल केलं. एकामागून एक फोटो सरकतील, खाली ओळ येईल, मागे अकॉर्डियन वाजेल. जुने फोटो तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर खिडकीशी मांडले आणि त्या कॅमेऱ्याने त्यांचेच फोटो काढले. महिनाभर ती त्यावर बसली होती. मालिका झकास झाली. घोडं अडलं ते सीडीवर. तिच्या कॉम्प्युटरला सीडी वाचता येई, भरता येत नसे.

“माझ्याकडे भर की,” थॉर्किल म्हणाला. त्याच्या मुलीने, मारियानने, नाताळात कॅनडाहून पैसे पाठवून त्याला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. “गुरुवारी दुपारी ये. किल्ली कुंडीखाली असते. मी घरी नसेन, बोटीचं जरा बघायचंय.”

“कॉफीला येशील ना पण?”

“बघू.”

थॉर्किल कधी ‘बघू’ म्हणत नसे. आणि त्याच आठवड्यात तो लिसला म्हणाला होता, की कमान यंदा दुसऱ्या कुणीतरी बांधा. गावातली एकही कमान त्याच्याशिवाय उभी राहिली नव्हती. बोडिलने दोन्ही गोष्टी ऐकल्या, आणि नवल असं की घाबरली नाही. तिचं सगळं भय त्या आठवड्यात सीडीमध्ये गुंतलं होतं.

गुरुवारी दुपारी ती मालिकेची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याच्या घरी गेली. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या यंत्रापुढे ती एकटी बसली तेव्हा तिचे तळवे ओले झाले होते. हेनिंगने शिकवलं तसं तिने एकेक केलं. फाइल उघडली, कोरी सीडी सरकवली, लाल बटण दाबलं. यंत्र घुरघुरायला लागलं. पडद्यावरची ती पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते ते तिला बघवेना. मध्येच वीज गेली तर? सीडी आत फुटली तर? ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि थॉर्किलचा एकुलता एक कप धुतला. ओटा लख्ख होता. कचऱ्याची बादलीसुद्धा धुऊन पालथी घातली होती. पुरुषाच्या मानाने फारच टापटीप, एवढंच तिच्या मनात आलं.

सीडी बाहेर आली. बोडिलने ती कडेने धरून टीव्हीखालच्या सीडी-प्लेअरमध्ये घातली आणि सोफ्याच्या टोकावर बसली.

अकॉर्डियन सुरू झालं. खाली तिचीच ओळ आली: ‘आमची लिस, पहिला वाढदिवस!’ आणि वर फोटो होता बॉयलरचा.

बोडिलने डोळे चोळले. फोटो सरकला. ‘शाळेचा पहिला दिवस, आणि किती ते रडणं!’ वर सिंकखालचा पाण्याचा मुख्य नळ, आणि त्याच्याकडे रोखलेलं एक जाडजूड बोट. सुताराचं बोट, अर्धं नख गेलेलं. ‘आणि मग आला प्रेबेन!’ विजेचे फ्यूज. ‘साखरपुडा’ म्हणून किल्ल्यांचे हूक, एकेक किल्ली वेगळी दिसेल अशी मांडलेली.

तिला आधी लाजल्यासारखं झालं, दुसऱ्याचं कपाट चुकून उघडावं तसं. मग उलगडा झाला. फाइलमध्ये ओळी होत्या, गाणं होतं, पण फोटो नव्हतेच. त्यात फक्त पत्ता होता: ‘सराव’ फोल्डर, फोटो एक, फोटो दोन. तिच्या घरी त्या पत्त्यावर लिस राहत होती. इथे त्याच पत्त्यावर थॉर्किलचे फोटो होते. थॉर्किलच्या कॉम्प्युटरने मुकाट्याने ते उचलले आणि तिच्या ओळींवर चिकटवले. सीडी वाया गेली, आता शनिवारी सगळ्या गावासमोर काय दाखवायचं? ती बंद करायला उठलीच होती.

‘चर्चच्या दारात नवरानवरी!’ अशी ओळ आली. वर थॉर्किलचा काळा सूट होता. कपाटाच्या दाराला टांगलेला, इस्त्री केलेला, आत पांढरा शर्ट. ‘मधुचंद्र’ म्हणून पॉलिश केलेले काळे बूट, शेजारीशेजारी, मोजे आत खोचलेले. आणि मग एल्साचं थडगं. भोवतीची खडी नुकतीच सारखी केलेली, आणि दगडावर एल्साच्या नावाखाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेचाच फोटो होता तो, जवळ जाऊन काढलेला. त्याच्याखाली बोडिलने महिन्याभरापूर्वी हौसेने लिहिलेली ओळ आली: ‘आणि अशीच आणखी पंचवीस!’

नंतर पडदा काळा. थॉर्किलचे फोटो संपले होते. अकॉर्डियन मात्र वाजतच राहिलं.

आता बोडिलला सगळं एकदम दिसायला लागलं: पालथी बादली, ‘बघू’, दुसऱ्या कुणीतरी बांधायची कमान. आपण गेल्यावर मागे येणाऱ्याला कुठला नळ कुठे आहे ते कळावं म्हणून माणूस फोटो काढतो. आपल्याला कुठले कपडे घालायचे तेही त्याने दाखवून ठेवलं होतं. तिने त्याच्या मोबाइलला फोन लावला. तो तिच्या मागे, खिडकीतच वाजला.

मग तिने लिसला फोन केला.

“लिस, थॉर्किल जीव द्यायला गेलाय.”

“काय?”

तिने फोटोंचं सांगितलं, जसं सुचेल तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे.

“बोडिल,” लिस दमून म्हणाली, “मागच्या उन्हाळ्यात तो बागेत खुर्चीवर झोपला होता, तेव्हा तू रुग्णवाहिका बोलावलीस. ते लोक त्याला गदागदा हलवत होते आणि तो शिव्या देत उठला. आठवतंय? सूट बाहेर काढलाय, कारण शनिवारी त्याला माझ्याकडे जेवायला यायचंय!”

“आणि एल्साचं थडगं?”

“आता माणसाने बायकोच्या थडग्याचा फोटोही काढू नये का?”

“आणि पाण्याचा नळ?”

लिस म्हणाली, “सीडी झाली की नाही ते सांग आधी.”

बोडिलने फोन ठेवला. दोरीला साप म्हणण्यात तिची हयात गेली होती, आणि आता खरोखरीचा साप पुढ्यात असताना ऐकायला कुणी तयार नव्हतं. पोलिसांना सांगावं? पण सांगणार काय, की एका माणसाने आपल्या बॉयलरचा फोटो काढलाय? ती कोट न घालताच बाहेर पडली. बंदराकडे जाणाऱ्या उतारावर ती जवळजवळ पळत होती. वारा तोंडावर येत होता. एयनरच्या वेळी मी बाजूच्या खोलीत होते, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं, बाजूच्या खोलीत होते आणि मला कळलं नाही.

बंदरात चिटपाखरू नव्हतं. धक्क्याच्या पार टोकाला थॉर्किलची बोट बांधलेली होती, आणि थॉर्किल तिच्यात पाठमोरा बसला होता. बोटीचा दोर सोडता सोडता शेवटच्या एका वेढ्यावर आला होता.

“थॉर्किल!”

वाऱ्याने हाक मागे फेकली. बोडिलने धक्क्याच्या पहिल्या फळीवर पाय ठेवला. फटीतून पाणी दिसलं, काळं, हलणारं. तिचा पाय आपोआप मागे आला. तिने पुन्हा ठेवला, पुन्हा आला. गोष्टींमध्ये अशा वेळी माणसं धावत सुटतात म्हणे. बोडिलच्याने झालं नाही. तिने धक्क्याचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला, डोळे मिटले आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तेवढ्या जोराने ओरडली, “थॉर्किऽऽल!”

तो वळला. “बोडिल? तू काय करतेस इथे?”

“इकडे ये!”

“काय झालं? घर पेटलं की काय?”

“हो!” बोडिल ओरडली. “तुझं!”

थॉर्किल उडी मारून धक्क्यावर चढला. फळ्या दणाणवत तो आला तेव्हा बोडिलने खांब सोडला आणि त्याच्या जॅकेटची बाही घट्ट धरली.

“कुठे पेटलंय? धूर कुठे आहे?”

“पेटलं नाही. पाण्याचा मुख्य नळ सिंकखाली, डावीकडे,” ती धापा टाकत म्हणाली. “बूट कपाटाखाली आहेत. मोजे आत. मी सगळं बघितलंय थॉर्किल, अकॉर्डियनसकट बघितलंय!”

त्याचा चेहरा उतरला. काय झालं ते कळायला त्याला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तो खाली एका उलट्या माशांच्या खोक्यावर बसला. बोडिलने बाही सोडली नाही, त्यामुळे तिलाही शेजारी बसावं लागलं.

“जीव द्यायला निघाला होतास?”

“नाही गं.” तो पाण्याकडे बघत राहिला. “उलट. उद्या सकाळी ऑल्बोर्गच्या रुग्णालयात ऑपरेशन आहे. आतड्यात गाठ आहे. कापली तर मी बरा होईन, असं डॉक्टर म्हणतात. नाही कापली तर पुढचा हिवाळा काही दिसत नाही.”

“आणि तू कुणाला बोलला नाहीस? मला नाही?”

“तुला सांगून काय, तू घाबरली असतीस.” मग तो म्हणाला, “फोटो मारियानसाठी काढले. ऑपरेशनच्या टेबलावरच काही झालं तर ती पोर येणार, तिला घरातलं काय माहीत? बॉयलरपर्यंत सगळं ठीक होतं. मग सूट टांगला. त्याच्यासमोर पलंगावर बसलो, आणि बोडिल, मला उठताच येईना. गुडघेच धरले. तेव्हाच ठरवलं, जायचं नाही. आज बोट काढायची, पलीकडच्या बेटावर त्या मासेमाराच्या झोपडीत दोन दिवस राहायचं. तारीख टळली की टळली.”

“टळली की मरशील.”

“ते नंतर. उद्या तर नाही.”

बोडिल त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस चर्चच्या मनोऱ्यावर दोर न बांधता चढला होता. त्याचे हात मांडीवर थरथरत होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

“छपरावरून पडलो तेव्हासुद्धा मला भीती वाटली नव्हती,” थॉर्किल हळूच म्हणाला. “हे करायचं कसं असतं, मला माहीतच नाही.”

“काही करायचं नसतं,” बोडिल म्हणाली. याबाबतीत तिच्याइतका जाणकार आख्ख्या फ्योर्डच्या काठावर नव्हता, आणि हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. “ती येऊन बसते. जा म्हटलं तरी जात नाही. आपण आपली कामं करायची. हात थरथरले तर किटली दोन्ही हातांनी धरायची. रात्री झोप नाही लागली तर चादरी घडी करायच्या. मी रोज तसंच करते. तुला काय वाटलं, मी घाबरते म्हणजे काही करत नाही?”

“पण मला नाही जमणार.”

“जमत कुणाला नाहीच. बस किती वाजता आहे?”

“तू येणार? तुला बसमध्ये मळमळतं. रुग्णालयाच्या वासाने तुला चक्कर येते.”

“येते ना. खुर्ची असेल की तिथे.”

थॉर्किल उठला, धक्क्यावर गेला आणि बोटीचा दोर पुन्हा नीट आवळून बांधला. ती रात्र त्याने बोडिलच्या सोफ्यावर काढली. रात्रभर दोघांपैकी कुणी झोपलं नाही, आणि सकाळी धोबीखान्यात असाव्यात तशा घड्या केलेल्या चादरींची चळत खुर्चीवर उभी होती.

बसमध्ये बोडिलला मळमळलं. रुग्णालयाच्या दारात चक्कर आली आणि तिला खरंच खुर्ची द्यावी लागली. तिथूनच तिने लिसला फोन करून सांगितलं की थॉर्किलचं ऑपरेशन आहे, फोटो नाहीत, सीडीत बॉयलर आहे, आणि मी शनिवारी येईन असं नाही. लिस आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली की आम्ही दोन गाणी जास्त म्हणू, तू तिथेच थांब.

थॉर्किलला हिरवा अंगरखा घालून चाकांच्या पलंगावर झोपवलं होतं. इतका लहान तो कधी दिसला नव्हता. परिचारक पलंग ढकलत निघाला आणि बोडिल बाजूने चालत राहिली, एक हात भिंतीला लावून. दाराशी परिचारक थांबला. यापुढे नातेवाइकांना मनाई होती.

थॉर्किलने तिचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट की दुखलं. “बोडिल,” तो म्हणाला, “मला…” आणि पुढचा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना.

आईने, एयनरने, लिसने, चर्चमधल्या पाद्र्याने, सगळ्यांनी आयुष्यभर बोडिलला एकच सांगितलं होतं, की घाबरू नकोस. त्याचा एकदाही उपयोग झाला नव्हता. उलट ऐकल्यावर आपण एकट्याच आहोत असं वाटायचं.

“घाबर,” ती म्हणाली. “पोटभर घाबर. मी इथेच आहे.”

थॉर्किलने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने आपणहून तिचं मनगट सोडलं, आणि परिचारकाने पलंग आत नेला.